कॉम्प्रेसर कुणाचं ऐकतो, कुणाला दाबतो?

एक अभंग मिक्स करायला घेतला आहे, असं समजा. गायक मधोमध, हार्मोनियम डावीकडे, पखवाज उजवीकडे, टाळ दोन्ही कडांना आणि मागे तानपुरा. प्रत्येक आवाज आपापल्या जागी बसला आहे. सगळं एकजीव व्हावं म्हणून तुम्ही स्टिरिओ बसवर कॉम्प्रेसर लावता. थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज नीट ठरवता. तरीही पखवाजावर जोरकस थाप पडली की गायकाचा आवाज क्षणभर डावीकडे सरकतो. किंवा गायक जागेवर राहतो, पण हार्मोनियमचा सूर प्रत्येक थापेबरोबर खाली बसतो आणि पुन्हा वर येतो.

थ्रेशोल्ड वर नेला तर हा दोष कमी होतो, पण जात नाही. त्याचं मूळ कॉम्प्रेसरच्या कोपऱ्यातल्या एका स्विचमध्ये असतं. त्यावर स्टिरिओ, ड्युअल मोनो, लिंक, मिड-साइड असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तो प्रीसेटने जसा ठेवला तसाच राहतो. स्टिरिओ ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावताना पहिला निर्णय या स्विचचा घ्यावा, थ्रेशोल्डला हात त्यानंतर लावावा, असं माझं ठाम मत आहे. का, ते एकेक पद्धत घेऊन पाहू.

दोन प्रश्न

कॉम्प्रेसरचे मुळात दोन भाग असतात. डिटेक्टर सिग्नलची पातळी मोजतो आणि किती डेसिबल कमी करायचं ते ठरवतो. दुसरा भाग तेवढा गेन प्रत्यक्ष कमी करतो. मोनो ट्रॅकवर दोन्ही भागांसमोर एकच सिग्नल असतो, त्यामुळे काही प्रश्नच येत नाही. स्टिरिओत सिग्नल दोन झाले की दोन प्रश्न उभे राहतात. डिटेक्टर कुणाचं ऐकतो? आणि त्याने ठरवलेली कपात कुणावर होते?

स्टिरिओच्या सगळ्या पद्धती म्हणजे या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं आहेत. हे लक्षात राहिलं तर नवा प्लगइन समोर आला, त्यावरची नावं अनोळखी असली, तरी गोंधळ होत नाही.

ड्युअल मोनो: ज्याचं त्याला

या पद्धतीत डावा डिटेक्टर फक्त डावं चॅनल ऐकतो आणि फक्त डावंच दाबतो, उजव्याचंही तसंच. म्हणजे दोन स्वतंत्र मोनो कॉम्प्रेसर शेजारी शेजारी ठेवल्यासारखे.

आपल्या अभंगात पखवाज उजवीकडे आहे. थाप पडली, उजवं चॅनल ४ डेसिबल खाली आलं, डावं होतं तिथेच राहिलं. गायकाचा आवाज मधोमध ऐकू येतो, तो दोन्ही स्पीकरमधून सारख्या पातळीने येतो म्हणून. आता उजवीकडचा त्याचा हिस्सा ४ डेसिबलने कमी झाला, त्यामुळे गायक डावीकडे झुकतो. रिलीज पूर्ण झाला की परत मध्ये येतो. दोन स्पीकरमध्ये साधारण १५ ते १८ डेसिबलचा फरक पडला की आवाज पूर्णपणे एकाच स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो. त्या हिशेबात ४ डेसिबल म्हणजे सहज जाणवणारं सरकणं आहे. विलंबित लयीत, जिथे दोन थापांमध्ये मोकळी जागा असते, तिथे हे हेडफोनवर फारच खुपतं.

म्हणून मधोमध महत्त्वाचा आवाज असलेल्या बसवर पूर्ण ड्युअल मोनो टाळावा. मात्र दोन चॅनलमध्ये दोन वेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी असतील, तर हीच पद्धत योग्य. मुलाखत घेताना दोन कॉलर माइक कॅमेऱ्याच्या डाव्या आणि उजव्या चॅनलवर घेतलेले असतात. इथे लिंक ठेवली तर पाहुणे मोठ्याने हसले की मुलाखतकाराचा प्रश्न दबेल. ड्युअल मोनो ठेवा, दोघांचा थ्रेशोल्ड वेगवेगळा लावा आणि मग दोघांनाही मध्ये आणा. एकच कोरस दोनदा गाऊन डावीकडे-उजवीकडे पसरवला असेल, तिथेही ड्युअल मोनो चांगला चालतो. दोन्ही बाजू किंचित वेगवेगळ्या हलतात आणि कोरस रुंद वाटतो.

लिंक: दोघांना एकच कपात

लिंक केलेल्या कॉम्प्रेसरमध्ये दोन्ही चॅनल मिळून एकच कपात ठरते आणि ती दोघांवर सारखी लागू होते. पखवाजाची थाप पडली की डावं-उजवं दोन्ही ४ डेसिबल खाली येतात. डाव्या-उजव्याचा तोल ढळत नाही, गायक जागचा हलत नाही. बस कॉम्प्रेशनसाठी ही पद्धत रूढ झाली ती यामुळेच. जुन्या यंत्रांमध्ये तर त्यासाठी वेगळी सोय करावी लागे. दोन ११७६ लिमिटर एकत्र चालवायला युरेईने स्वतंत्र स्टिरिओ जोडणीयंत्र विकायला ठेवलं होतं.

याची किंमत हार्मोनियमला मोजावी लागते. त्याने काहीच केलेलं नसताना पखवाजासाठी तोही ४ डेसिबल खाली जातो. कपात एक-दोन डेसिबलची असेल तर हे जाणवत नाही, उलट सगळे वादक एकत्र श्वास घेताहेत असं वाटतं. कपात वाढली की तेच पंपिंग होतं.

लिंकमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते, तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. दोन चॅनल मिळून एक कपात ठरवायची, पण कशी? एक मार्ग असा, की दोघांपैकी जे चॅनल मोठं, त्याचं ऐकायचं. दुसरा मार्ग दोघांची बेरीज किंवा सरासरी घेण्याचा. लॉजिक प्रोच्या कॉम्प्रेसरमध्ये हे दोन पर्याय मॅक्स आणि सम अशा नावांनी उघडपणे दिलेले आहेत. अनेक प्लगइनमध्ये ते आतच ठरलेलं असतं.

फरक मोठा आहे. सरासरी घेणाऱ्या डिटेक्टरला फक्त उजवीकडे असलेला पखवाज, तेवढ्याच पातळीने दोन्ही चॅनलमध्ये असलेल्या आवाजापेक्षा ६ डेसिबल लहान दिसतो. म्हणजे कडेला ठेवलेलं वाद्य कॉम्प्रेसरच्या नजरेतून निसटतं आणि मधला गायक जास्त दाबला जातो. त्याहून पुढची गोष्ट: डाव्या-उजव्यात उलट फेजमध्ये असलेला आशय, उदाहरणार्थ रुंद केलेला सिंथ, बेरजेत नाहीसा होतो आणि डिटेक्टरला ऐकूच येत नाही. कडांना जोरकस तालवाद्यं असतील आणि ती आवरायची असतील तर मॅक्स घ्या. मुख्यतः गायकाच्या पातळीवर बसने प्रतिसाद द्यावा, असं वाटत असेल तर सम.

मधला मार्ग: अर्धवट लिंक

शून्य आणि शंभर यांच्यामध्ये बरीच जागा आहे. एपीआय २५०० या स्टिरिओ कॉम्प्रेसरवर लिंकचं बटण पूर्ण स्वतंत्रपासून सुरू होतं आणि पुढे ५०, ६०, ७०, ८०, ९० आणि १०० टक्के असे टप्पे आहेत. अनेक प्लगइनमध्ये हेच प्रमाण सलग फिरवता येतं. ५० टक्क्यांवर, ढोबळ मानाने, उजवीकडे ४ डेसिबल कपात झाली तर डावीकडे त्याच्या निम्मी होते. गायक सरकतो, पण निम्माच; हार्मोनियम दबतो, पण निम्माच.

आपल्या अभंगासाठी ७० ते ८० टक्के लिंकपासून सुरुवात करा. मग डोळे मिटून फक्त गायकाच्या जागेकडे लक्ष द्या. तो थापेबरोबर सरकत असेल तर लिंक वाढवा. नंतर फक्त हार्मोनियमच्या सलग सुराकडे लक्ष द्या. तो धडधडत असेल तर लिंक कमी करा. एका वेळी एकाच वाद्याचा पाठलाग करायचा, हे या कामाचं खरं तंत्र आहे. सगळा मिक्स एकदम ऐकत राहिलात तर कान फक्त बरं-वाईट सांगतात, कारण सांगत नाहीत.

एपीआय २५०० मध्ये आणखी एक उपयुक्त सोय आहे: लिंकमध्येच फिल्टर लावता येतो. एका चॅनलमधला खर्ज दुसऱ्या चॅनलला दाबणार नाही, पण मधले आणि वरचे स्वर मात्र दोघांना जोडलेले राहतील, असं करता येतं. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा किंवा डग्ग्याची घीस जेव्हा साऱ्या मिक्सला हलवत असते, तेव्हा हे फार कामाचं ठरतं. तुमच्या प्लगइनमध्ये ही सोय नसेल तर डिटेक्टरच्या साइडचेनमध्ये ८० ते १२० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावा. परिणाम तोच नाही, पण बराच जवळचा आहे.

मिड-साइड: बेरीज आणि वजाबाकी

आता सर्वांत गाजलेली आणि सर्वांत गैरसमजाची पद्धत. यात डावं-उजवं अशी विभागणी सोडून दिली जाते. दोन्ही चॅनलच्या बेरजेचा अर्धा म्हणजे मिड आणि वजाबाकीचा अर्धा म्हणजे साइड. कॉम्प्रेसर या दोघांवर स्वतंत्र चालतो आणि शेवटी पुन्हा गणित उलटवलं जातं: मिड अधिक साइड म्हणजे डावं, मिड उणे साइड म्हणजे उजवं.

ही कल्पना संगणकाच्या खूप आधीची आहे. ईएमआयचे अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओवरच्या आपल्या प्रसिद्ध पेटंटचा अर्ज केला, त्यातच बेरीज-वजाबाकीचं हे तत्त्व आहे. कॉम्प्रेसरमध्ये ते आलं रेकॉर्डींच्या गरजेतून. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेत सुईची आडवी हालचाल बेरजेची आणि उभी हालचाल वजाबाकीची असते. उभी हालचाल फार झाली तर खाच जागोजागी उथळ होते आणि सुई उडते. म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, रेन नार्मा यांनी घडवलेल्या फेअरचाइल्ड ६७० या व्हॉल्व्हच्या लिमिटरमध्ये डाव्या-उजव्याबरोबरच आडवं-उभं अशीही पद्धत दिलेली होती. रेकॉर्ड कापणाऱ्याला उभी हालचाल वेगळी आवरता यावी, हा तिचा हेतू.

आज तिचा उपयोग वेगळ्या कामांसाठी होतो. फक्त मिड दाबला तर मधला गायक आणि बेस आवरले जातात आणि त्याच क्षणी कडा तुलनेने वर येतात; मिक्स मोठ्या आवाजाच्या जागी रुंदावतो. फक्त साइड दाबली तर मोठ्या आवाजाच्या जागी मिक्स आकसतो. कडांचे टाळ आणि रुंद रिव्हर्ब अंगावर येत असतील तर एवढंच हवं असतं.

साइडच्या कामाचा एक मोठा फायदा नीट समजून घ्या. डावं आणि उजवं एकत्र करून मोनो केलं की साइड पूर्णपणे वजा होते, उरतो फक्त मिड. म्हणजे साइडवर कितीही कॉम्प्रेशन केलं तरी मोनोमध्ये ऐकणाऱ्याला तिळभरही फरक पडत नाही. एकाच स्पीकरचा मोबाइल, देवळातला किंवा मांडवातला मोनो लाउडस्पीकर, अशा ठिकाणी तुमचं गाणं ऐकलं जाणार असेल तर ही खात्री मोलाची आहे. आणि उलट बाजूही तितकीच खरी: मिक्सचा प्राण साइडमध्ये ठेवलात तर त्या श्रोत्याला तो मिळणारच नाही.

मिड-साइडमध्ये घसरण्याच्या तीन जागा

पहिली जागा म्हणजे साइड म्हणजे कडेची वाद्यं, हा समज. तो चूक आहे. पूर्ण उजवीकडे ठेवलेला पखवाज मिडमध्येही असतो आणि साइडमध्येही, अगदी समसमान. पूर्ण मधोमध असलेला आवाज तेवढा फक्त मिडमध्ये असतो. म्हणून मिड-साइडमध्ये पखवाज एकटा निवडून दाबता येत नाही.

दुसरी जागा याच्यातूनच निघते. मिड ६ डेसिबल दाबला आणि साइड तशीच ठेवली तर पूर्ण उजवीकडच्या वाद्याचा एक अंश डावीकडे गळतो, तोही उलट फेजमध्ये. मूळ पातळी १ धरली तर मिड ०.५ वरून ०.२५ वर येतो, साइड ०.५ च राहते. मग उजवीकडे ०.७५ उरतं आणि डावीकडे उलट चिन्हाचं ०.२५ येतं. म्हणजे गळती उजवीकडे उरलेल्या आवाजापेक्षा जेमतेम साडेनऊ डेसिबल खाली. कपात २ डेसिबल असेल तर तीच गळती जवळजवळ १९ डेसिबल खाली जाते आणि सहसा त्रास देत नाही. म्हणून मास्टरिंगमध्ये मिड-साइड कॉम्प्रेशन एक-दोन डेसिबलच्या पलीकडे नेऊ नका. त्याहून जास्त लागत असेल तर दोष मिक्समध्ये आहे. परत मिक्सकडे जा.

तिसरी जागा थ्रेशोल्डची. बहुतेक मिक्समध्ये साइडची पातळी मिडपेक्षा बरीच कमी असते. दोघांना एकच थ्रेशोल्ड लावला तर मिड दबत राहतो आणि साइडला कॉम्प्रेसर शिवतही नाही. मिक्स आपोआप रुंद होतो, ते सुरुवातीला छान वाटतं आणि दोन तासांनी लक्षात येतं की गायक मागे गेला आहे. दोघांचे थ्रेशोल्ड नेहमी वेगळे ठरवा.

तुमचा प्लगइन नेमकं काय करतो, हे तपासा

बटणावरच्या नावावर विसंबू नका. विशेषतः एक गोष्ट पुष्कळांना फसवते. प्रो टूल्समध्ये मल्टी-मोनो किंवा लॉजिकमध्ये ड्युअल मोनो म्हणून घातलेल्या प्लगइनमध्ये दोन्ही बाजूंची बटणं एकत्र फिरत असली, तरी डिटेक्टर वेगळेच असतात. बटणं जोडणं आणि डिटेक्टर जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरी स्थिती कळायला एक साधी चाचणी पुरते.

१. उजव्या चॅनलमध्ये थ्रेशोल्डच्या खाली राहील असा एक हळू, सलग स्वर ठेवा. डाव्या चॅनलमध्ये मध्येच एक मोठा स्वर सोडा. उजवा स्वर दबला तर लिंक आहे. जागचा हलला नाही तर ड्युअल मोनो आहे. थोडाच दबला तर अर्धवट लिंक.

२. लिंक असेल तर तोच मोठा स्वर आधी फक्त डावीकडे आणि मग त्याच पातळीने दोन्हीकडे द्या. दोन्ही वेळा गेन रिडक्शन सारखंच आलं तर डिटेक्टर मॅक्स पद्धतीचा आहे. दोन्हीकडे दिल्यावर ते वाढलं तर बेरीज किंवा सरासरी घेतली जाते.

३. आता दोन्हीकडे तोच स्वर ठेवून एका चॅनलची फेज उलटवा. गेन रिडक्शन शून्यावर आलं तर डिटेक्टर साधी बेरीज करतो, म्हणजे रुंद आशयाला तो बहिरा आहे.

प्रत्येक नव्या कॉम्प्रेसरवर एकदा हे करून वहीत नोंद ठेवा. प्रयोगाला पैसे खर्च करण्याचीही गरज नाही. क्लांगहेल्मचा डीसी१ए हा मोफत कॉम्प्रेसर असून त्यात ड्युअल मोनोचं स्वतंत्र बटण आहे.

कुठून सुरुवात करावी

स्टिरिओ बसवर: पूर्ण लिंक, रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंदांच्या आसपास, रिलीज ऑटो, कपात एक ते दोन डेसिबल. आपल्या अभंगाप्रमाणे हार्मोनियम मोकळा करायचा असेल तेव्हाच लिंक ८०-७० टक्क्यांकडे आणा.

एका स्टिरिओ माइक-जोडीवर घेतलेली मैफल, पियानो किंवा ड्रमचे ओव्हरहेड माइक: पूर्ण लिंक, तडजोड नको. इथे खोलीचा आणि अंतराचा सगळा भास दोन माइकांमधल्या बारीक फरकांवर उभा असतो. ड्युअल मोनो तो फरकच बदलून टाकतो.

दुहेरी गायलेला कोरस, दोन बाजूंच्या गिटारी, दोन माइकांची मुलाखत: ड्युअल मोनो किंवा फार कमी लिंक.

मास्टरिंगमध्ये: आधी लिंक केलेला साधा कॉम्प्रेसर वापरून पाहा. मधलं आणि कडांचं नातं बिघडलेलं असेल आणि मिक्स परत उघडणं शक्य नसेल, तरच मिड-साइड. शेवटच्या लिमिटरमध्ये क्षणिक ठोके आणि सलग पातळी यांच्यासाठी लिंकचं प्रमाण वेगवेगळं ठेवता येत असेल, तर ठोक्यांची लिंक थोडी सैल सोडा, सलग पातळीची घट्ट ठेवा. ठोक्यापुरतं क्षणिक सरकणं कानाला फारसं कळत नाही. रेंगाळणारं सरकणं कळतं.

तुलना करताना दोन्ही पर्यायांची पातळी आधी जुळवून घ्या. पद्धत बदलली की एकूण कपात बदलते, आणि अर्धा-एक डेसिबल मोठं असलेलं रूप नेहमीच चांगलं वाटतं. रुंदपणाही तसाच भुलवतो. म्हणून प्रत्येक पर्याय एकदा स्पीकरवर, एकदा हेडफोनवर आणि एकदा मोनो करून ऐका. तिन्ही ठिकाणी गायक समोरच उभा असेल आणि शब्द स्पष्ट येत असतील, तर ती पद्धत ठेवा.

वाद्यं कुठे बसवायची यावर आपण मिक्समध्ये तासन्‌तास घालवतो. ती जागा म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेलं एक चित्र असतं, आणि संपूर्ण साखळीत ते चित्र नकळत हलवण्याची ताकद कॉम्प्रेसरइतकी क्वचितच कशात असते. म्हणून पुढच्या सेशनमध्ये कॉम्प्रेसर उघडल्यावर आधी ठरवा: याने कुणाचं ऐकायचं आणि कुणाला दाबायचं. सेशनच्या नोंदीत रेशो आणि अटॅकच्या आधी हे उत्तर लिहा. पुष्कळदा असं दिसेल, की पुढची बटणं फारशी फिरवावीच लागत नाहीत.